विचारा तर खरं : लसीतलं हे 'नॅनो' काय प्रकरण आहे?

मागच्या अंकात लसीकरणावरच्या लेखात एका ओळीत 'नॅनोपार्टिकल' हा शब्द येऊन गेला आणि या महिन्याच्या पत्रांमध्ये बाकी सगळे विषय बाजूलाच पडले. काही पत्रं घाबरलेली, काही चिडलेली, दोन-तीन तर इतकी छान की वर्गात वाचून दाखवावीत. एक आधीच सांगते, मी मायक्रोबायोलॉजी शिकवते, डॉक्टर नाहीये, त्यामुळे 'मी घेऊ की नको' हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. बाकीचं मला जे माहितीये ते सांगते.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की आता लसीत नॅनो कण घालून लोकांवर प्रयोग चाललेत. आमच्या नातवंडांना तरी जुनी, साधी, खात्रीची लस मिळणार का?
*निवृत्त शिक्षक, सातारा*

सर, तुमच्या नातवाला जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत दवाखान्यातच हिपॅटायटिस बीचा डोस दिला असेल, मग दीड महिन्याचा झाल्यावर पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस) टोचली असेल, तर त्यातली हिपॅटायटिसची जी जुनी साधी लस आहे ना ती नॅनोपार्टिकलचीच आहे. म्हणजे तो मेसेज यायच्या कितीतरी आधी नॅनो तुमच्या घरी येऊन गेलंय.

नॅनो हे नुसतं माप आहे. एका मीटरचे शंभर कोटी भाग करा, त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. आपल्या केसाची जाडी साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर, कोरोनाचा विषाणू १०० च्या आसपास, आणि हिपॅटायटिस बीच्या लसीतला कण २२. म्हणजे व्हायरस हाच मुळात एक नॅनोपार्टिकल झाला, आणि आपलं शरीर माणूस माणूस झाल्यापासून त्याच साइजच्या गोष्टींशी लढत आलंय. लस बनवणाऱ्यांनी एवढंच केलं की व्हायरसचं माप आणि रूप घेतलं, आतला विखार काढून टाकला.

याची गोष्ट पण भारी आहे. १९६० च्या दशकात बारुख ब्लुमबर्ग नावाच्या अमेरिकन संशोधकाला ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात एक वेगळंच प्रथिन सापडलं, ते नंतर हिपॅटायटिस बीच्या विषाणूचं बाहेरचं कवच निघालं. या विषाणूची खोड अशी की तो खऱ्या विषाणूंपेक्षा रिकामी टरफलंच ढिगाने तयार करतो, रुग्णाच्या रक्तात नुसती ती टरफलं तरंगत असतात. ब्लुमबर्गना १९७६ ला नोबेल मिळालं. पहिली लस म्हणजे हीच टरफलं, रोग्यांच्या रक्तातून गाळून, शुद्ध करून घेतलेली, अमेरिकेत तिला १९८१ मध्ये परवानगी मिळाली. आता दुसऱ्याच्या रक्तातून काढलेली लस म्हटल्यावर लोक बिचकणारच, आणि तेव्हाच एड्सची भीती पसरायला लागली होती. मग त्या कवचाचं जनुक यीस्टमध्ये घातलं, तेच यीस्ट जे पावात घालतात, आणि यीस्टने प्रथिन बनवलं तर त्याचे आपोआप २२ नॅनोमीटरचे गोळे तयार झाले. ही लस १९८६ ची. आपल्याकडे हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ ला स्वतःची आणली आणि तेव्हा कुठे ती मध्यमवर्गाच्या खिशाला झेपायला लागली.

आता तुम्ही विचाराल, एवढं कण-कण कशाला, नुसतं प्रथिन टोचलं तर? तर शरीर त्याच्याकडे फारसं बघतच नाही. गणपतीच्या मिरवणुकीत एकटा माणूस ढोल घेऊन चालला तर कोण वळून बघतंय, पण एकाच रंगाचे फेटे बांधून साठ जण ओळीत सारख्या अंतरावर वाजवत आले की गल्ली जागी होते, तसंच आहे हे. आपल्या बी सेलवर, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींवर, जे रिसेप्टर, म्हणजे आकार ओळखणारे हात, असतात त्यांना एकच आकार पुन्हा पुन्हा, ठरावीक अंतरावर मांडलेला दिसला की ते खूप सारे एकदम ओढले जातात आणि सेलला कळतं की हा व्हायरस असणार. शिवाय साइजचा पण भाग आहे. साधारण २० ते १०० नॅनोमीटरचे कण सुईच्या जागेवरून स्वतःच लिम्फ नोडपर्यंत, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या गाठींपर्यंत, वाहत जातात, त्याहून फार मोठे असले तर पेशींना ते उचलून न्यावे लागतात आणि फार बारीक असले तर रक्तात निघून जातात. म्हणजे मापात सगळं आलं.

प्रश्न : इतके बारीक कण एकेक करून बनवतात का? कुठलं मशीन असतं?
*बारावी सायन्स, नांदेड*

एकेक करून बनवायला गेलं तर बाळा एका डोसला जन्म जाईल. ते स्वतःच बनतात, सेल्फ असेंब्ली म्हणतात. एमआरएनए लसीत (म्हणजे फायझरसारखी, पेशीला प्रथिन बनवायची सूचना पोचवणारी लस) चार प्रकारची लिपिड, म्हणजे चरबीसारखे पदार्थ, अल्कोहोलमध्ये विरघळवतात, एमआरएनए आम्लधर्मी पाण्यात, आणि दोन्ही धारा एका बारीक नळीत जोरात एकमेकींवर सोडतात. लिपिडला पाणी सहन होत नाही, ते क्षणार्धात एमआरएनएभोवती गोळा होतं आणि ८०-१०० नॅनोमीटरचा गोळा तयार. खरी कारागिरी धारांचा वेग आणि प्रमाण सांभाळण्यात आहे, कारण वेग बदलला की साइज बदलते.

आणि आता तर कण कॉम्प्युटरवर डिझाइन करतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या प्रोटीन डिझाइन इन्स्टिट्यूटने निसर्गात नसलेला एक प्रथिनांचा गोळा डिझाइन केला, त्यावर कोरोनाच्या स्पाइकचा, म्हणजे विषाणूवरच्या काट्यासारख्या प्रथिनाचा, कामाचा तुकडा ६० वेळा मांडला, आणि दक्षिण कोरियाने जून २०२२ मध्ये त्या लसीला मान्यता दिली, नाव स्कायकोव्हिओन. त्या इन्स्टिट्यूटचे डेव्हिड बेकर यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते प्रथिनं डिझाइन करण्यासाठीच. बायोलॉजी घेतलीयेस म्हणून गणित सोडू नकोस, एवढंच सांगते.

प्रश्न : मी उपकेंद्रावर एएनएम आहे. आम्हाला ट्रेनिंगमध्ये डोक्यात बसवलंय की हिपॅटायटिस, पेंटा, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) चुकूनही गोठू द्यायची नाही, गोठली की फेका. आणि टीव्हीवर दाखवत होते की फायझरची लस उणे ७० ला ठेवतात. दोन्ही जर नॅनोच्या लसी असतील तर एक गोठवून टिकते आणि एक गोठून खराब होते हे कसं?
*आरोग्यसेविका, शिरूर तालुका*

ताई, या महिन्यातला हा सगळ्यात भारी प्रश्न, आणि हो, तो प्रत्यक्ष आयएलआर (लसींचा फ्रीज) सांभाळणाऱ्या बाईकडूनच येणार होता.

तुमच्या हिपॅटायटिसच्या व्हायलमध्ये जो २२ नॅनोमीटरचा कण आहे तो एकटा नसतो, तो अॅल्युमिनियमच्या क्षाराच्या जेलला चिकटवलेला असतो. हे अॅल्युमिनियम लसीत १९२० च्या दशकापासून वापरतायत, त्याने रोगप्रतिकारशक्तीला जाग येते. व्हायल हलवली की दुधाळ दिसते ना, ते तेच. गोठताना बर्फाचे स्फटिक तयार होतात आणि ते या जेलच्या कणांना एकमेकांवर दाबतात, कण चिकटून मोठे खडे होतात आणि मग वितळवलं तरी ते परत सुटत नाहीत, त्यामुळे चिकटलेला अँटिजेन, म्हणजे लसीतला कामाचा कण, पण वाया. तुमची शेक टेस्ट याच्यावरच तर आहे, त्याच लॉटची एक व्हायल मुद्दाम गोठवून वितळवायची, संशयित व्हायलसोबत हलवायची आणि शेजारी ठेवून बघायचं, संशयित वाली पण तितक्याच पटकन खाली बसली तर ती गेली. हिपॅटायटिस बी तर उणे अर्ध्या अंशाला पण गोठते, म्हणून आइस पॅक कंडिशन न करता, म्हणजे थोडा वितळू न देता, कॅरियरमध्ये घालायची घाई केली की घोटाळा होतो. आपल्याकडे सगळ्यांना गरमीचीच काळजी असते, थंडीनेही लस मरते हे कुणाच्या पटकन लक्षात येत नाही.

फायझरसारख्या एमआरएनएच्या लसीत अॅल्युमिनियम नसतंच. तिथे अडचण उलटी आहे, एमआरएनए हा रेणू जात्याच नाजूक, पाण्यात राहिला की हळूहळू तुटत जातो, म्हणून पाणी पार गोठवून ठेवायचं म्हणजे काही हलायलाच नको. आणि गोठताना लिपिडचे गोळे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यात साखर घालतात, हो, साधी सुक्रोज. नंतर जशी माहिती जमत गेली तशी फायझरने अट सैल केली, सुरुवातीला फ्रीजमध्ये पाच दिवस म्हणत होते, मे २०२१ मध्ये ते एक महिन्यावर गेलं.

पण तरी आपल्या उपकेंद्रांना ते परवडणारं नव्हतंच, लोड शेडिंग असताना उणे ७० कुठून आणणार. म्हणून पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने एमआरएनए लस फ्रीझ-ड्राय करून पावडर केली, जेमकोव्हॅक, जून २०२२ मध्ये आणीबाणीची परवानगी मिळाली, २ ते ८ अंशांत ठेवायची, म्हणजे तुमच्या आयएलआरमध्येच. पाणीच काढून टाकलं की तुटायचा प्रश्न बराचसा मिटला. तोपर्यंत कोरोनाची लाट ओसरली होती म्हणून तिचं नाव फारसं झालं नाही, पण माझ्या मते आपल्यासारख्या देशासाठी उणे ७० वाल्या लसींपेक्षा ही पावडर जास्त महत्त्वाची होती.

प्रश्न : लस घेतल्यावर अंगाला चमचे चिकटतात असा व्हिडिओ मी स्वतः बघितलाय, आपल्या नाशिकचाच होता. नॅनो कणांमुळे चुंबक तयार होतो का?
*वाचक, नाशिक रोड*

जून २०२१ चा तो व्हिडिओ, मी पण बघितलाय, मला तर तो दहा जणांनी पाठवला होता. त्या गृहस्थांनी कोविशील्ड घेतली होती, आणि कोविशील्डमध्ये लिपिडचे वगैरे बनवलेले नॅनोपार्टिकल नाहीतच, ती चिंपांझीच्या अॅडिनोव्हायरसवर बेतलेली लस आहे. लोखंड पण नाही. आणि असतं तरी डोस केवढा, अर्धा मिली, तो सगळा लोखंडाचा असता तरी चामडीच्या आतून चमचा धरून ठेवण्याइतकी ताकद त्यात आली नसती. घाम आणि त्वचेवरचं तेल यांनी गुळगुळीत, सपाट वस्तू चिकटून राहतात, अंगावर टाल्कम पावडर टाका आणि मग लावून बघा. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी तेव्हाच हे सांगितलं होतं, पण चमच्याचा व्हिडिओ जितका फिरला तितका खुलासा फिरला नाही.

प्रश्न : आम्ही दोघांनी इथे फायझरचे डोस घेतले, मुलाने पण. ते लिपिड शरीरात कायमचं राहतं असं एकजण ठामपणे सांगतो. खरं काय? आणि इतक्या घाईत हे तंत्रज्ञान आलंच कुठून?
*वाचक, न्यू जर्सी*

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते. घाई शेवटच्या वर्षाची होती, आधीची साठ वर्षं नाही. लिपिडचे पोकळ गोळे, लायपोसोम, हे केंब्रिजजवळ अॅलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात दाखवले. लसीसोबत ते वापरून बघण्याचं काम १९७४ पासूनचं. गाडी अडली होती ती एका ठिकाणी, एमआरएनएवर ऋण भार असतो म्हणून त्याला बांधायला धन भाराचं लिपिड लागतं, आणि कायम धन भार असलेलं लिपिड पेशींना त्रास देतं. त्यावर तोड म्हणजे आयोनायझेबल लिपिड, रक्तात असताना त्याच्यावर भारच नसतो, पेशीने गोळा गिळला आणि तो आतल्या आम्लधर्मी पिशवीत पोचला की भार येतो, पिशवी फुटते आणि एमआरएनए बाहेर पडतो. व्हँकुव्हरच्या पीटर कुलिस यांच्या ग्रुपचं यात मोठं काम आहे, आणि या प्रकारच्या कणांचं पहिलं औषध पाटिसिरान, एका दुर्मिळ आनुवंशिक आजारावरचं, २०१८ मध्येच अमेरिकेत मंजूर झालं होतं. म्हणजे कोरोना आला तेव्हा लिपिडची पेटी तयार होती, आतलं पत्र, म्हणजे एमआरएनए, बदलायचं होतं. पत्राचं काम कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांचं, २००५ चं, २०२३ चं नोबेल त्यांनाच मिळालं.

आता राहण्याचं. चार लिपिडांपैकी कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड तर आपल्या पेशींत असतातच. बाकीची दोन बाहेरची आहेत, ती बऱ्याच अंशी दंडात, जवळच्या लिम्फ नोडमध्ये आणि थोडी लिव्हरमध्ये जातात आणि तिथे मोडली जातात. लगेच नाही हं, प्राण्यांवरच्या चाचण्यांमध्ये त्यातलं एक लिपिड लिव्हरमधून जायला चांगला वेळ घेतं असं दिसलंय, म्हणजे दिवसांची नाही, आठवड्यांची गोष्ट. एमआरएनएबद्दल सुरुवातीला 'दोन-चार दिवसांत संपतं' असं सर्रास सांगितलं गेलं, पण पुढे काही जणांच्या लिम्फ नोडमध्ये त्याचे अंश काही आठवड्यांनी सापडले. कायमचं मात्र नाही.

धोके आहेत, नाही कशाला म्हणू. अमेरिकेत तीव्र अॅलर्जीच्या केसेस दहा लाख डोसमागे पाचेक अशा नोंदल्या गेल्या, म्हणूनच तर लसीनंतर पंधरा मिनिटं बसवून ठेवायचे, आणि त्यात पीईजी नावाच्या घटकावर संशय घेतला गेला. तरुण मुलांमध्ये, विशेषतः दुसऱ्या डोसनंतर, हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचे प्रकार झाले, क्वचित, आणि बहुतेक मुलं बरी झाली. तुमच्या मुलाला तेव्हा छातीत दुखलं नसेल तर आता रात्री जागून काळजी करण्यात अर्थ नाही.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस द्या असं डॉक्टर म्हणतात. सासूबाईंचं म्हणणं, पोरीच्या अंगात कॅन्सरचा व्हायरस कशाला सोडायचा. आणि कुणी एक डोस म्हणतं, कुणी दोन, कुणी तीन. मी गोंधळलेय.
*आई, बार्शी*

अहो तुम्ही तर या प्रश्नाच्या उत्तराच्याच गावात राहता!

आधी सासूबाईंचं. या लसीत व्हायरस नाहीच. एचपीव्हीच्या, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूच्या, कवचाचं एल-वन नावाचं एक प्रथिन असतं, ते एकटं बनवलं तरी त्याच्या ३६० प्रती आपोआप जुळून व्हायरससारखाच ५०-६० नॅनोमीटरचा गोळा तयार होतो, हुबेहूब, फक्त आत काहीच नाही, डीएनए नाही. म्हणजे पेशीत शिरून वाढायला, कॅन्सर करायला जे लागतं तेच नाही. हे ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात इयन फ्रेझर आणि जियान झोऊ यांनी १९९१ च्या सुमारास जमवलं, लस २००६ मध्ये आली. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅकला २०२२ मध्ये परवानगी मिळाली, ती पण अशाच कणांची, यीस्टमध्ये बनवलेली, चार प्रकारच्या एचपीव्हीसाठी, त्यातले १६ आणि १८ नंबरचे कॅन्सरवाले.

आता डोसचं, आणि इथे बार्शी येते. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने भारतात एक मोठी चाचणी सुरू केली, दोन डोस पुरतात की तीनच लागतात हे बघायला, मुंबई, पुणे आणि तुमचं बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल अशी केंद्रं त्यात होती. २०१० मध्ये दुसऱ्याच एका प्रकल्पावरून गदारोळ झाला आणि सरकारने एचपीव्ही लसीच्या सगळ्याच चाचण्यांत टोचणं थांबवायला सांगितलं. १७ हजारांहून जास्त मुलींना लस सुरू झाली होती, काहींचे तीन डोस झाले, काहींचे दोन, आणि जवळजवळ पाच हजार मुली एकाच डोसवर अडकल्या. चाचणी फसली असंच कुणालाही वाटेल. पण संशोधकांनी मुलींचा पाठपुरावा सोडला नाही, वर्षानुवर्षं घरी जाऊन, लग्न होऊन सासरी गेल्या तिथेही जाऊन नमुने घेतले, आणि २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले की एक डोस मिळालेल्या मुलींनाही १६ आणि १८ च्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण होतं, तीन डोसवाल्यांइतकंच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने एक डोस चालेल असं सांगितलं, त्यामागच्या पुराव्यात हा पुरावा होता. फिरत राहिलेल्या त्या आरोग्य कार्यकर्त्यांची नावं कुणाला माहिती नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

एका डोसने दहा-दहा वर्षं कसं भागतं याचं कारण शास्त्रज्ञ त्या कणाच्या मांडणीतच शोधतात, एकच आकार ३६० वेळा शिस्तीत समोर आला की शरीर अँटिबॉडी बनवणाऱ्या दीर्घायुषी पेशी तयार करून ठेवतं. नुसत्या सुट्या प्रथिनाला हे सहसा जमत नाही.

लसीच्या पाकिटावर ९ ते १४ वयाला दोन डोस लिहिलेले असतात, तुमचे डॉक्टर ते धरून सांगत असतील तर चूक नाही. टोचताना मुलीला बसवा, या वयात काही मुलींना चक्कर येते. आणि तुम्ही स्वतः तिशीच्या पुढे असाल तर तुमची तपासणी करून घ्या, लस पोरीला दिली म्हणून आईची तपासणी होत नाही.

प्रश्न : सासऱ्यांना नागीण झाली होती, फार हाल झाले. आता सासूबाई ६८ च्या आहेत, त्यांना लस द्यावी म्हणतो, पण किंमत ऐकून दचकलो. असं काय असतं त्यात?
*डोंबिवली*

रिठा असतो. म्हणजे रिठा नाही, पण त्याच गुणाचा पदार्थ. चिलीमध्ये क्विलाया नावाचं झाड आहे, त्याच्या सालीचा रिठ्यासारखा फेस होतो, कारण दोन्हींत सॅपोनिन असतात. त्या सालीतून शुद्ध केलेलं एक सॅपोनिन रोगप्रतिकारशक्तीला जबरदस्त जागं करतं. अडचण एकच, फेस करणारा पदार्थ पेशींचं आवरणही फोडतो, नुसता टोचला तर त्रास देईल. म्हणून तो कोलेस्टेरॉल असलेल्या लायपोसोममध्ये अडकवतात, म्हणजे काम करतो आणि चावत नाही. शिंग्रिक्समध्ये हे आहे, आणि विषाणूचं एक प्रथिन. ती आपल्याकडे २०२३ मध्ये आली.

चाचण्यांत पन्नाशीपुढच्यांना ९७ टक्के आणि सत्तरीपुढच्यांनाही ९० टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळालं, म्हाताऱ्या शरीरात लसी सहसा इतकं काम करत नाहीत, म्हणून ते मला फार वाटतं. दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. दंड दुखतो, एक-दोन दिवस कणकण येते, ते आधीच सांगून ठेवा. महाग आहे, खरंय, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. आणि नागिणीची दोन तोंडं जुळली की माणूस जातो असं कुणी म्हणालं तर सोडून द्या, ती एका बाजूच्या नसेवर येते, सहसा जुळतच नाही.

प्रश्न : नॅनो युरियाची बाटली आणि नॅनो लस, एकच टेक्नॉलॉजी का? मक्याला काही फरक दिसला नाही म्हणून विचारतो.
*शेतकरी, सिल्लोड*

नाही हो, फक्त नाव एक. नॅनो युरियाच्या दाव्यांवर तर कृषी शास्त्रज्ञांतच वाद आहे, त्यावरून लसीला जोखू नका. पण तुमच्या मक्याचा आणि लसीचा एक संबंध आहे. मक्यावरची ती अमेरिकन लष्करी अळी, २०१८ पासून डोकं उठवलंय जिने, त्याच जातीच्या किडीपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये नोव्हाव्हॅक्स या अमेरिकन कंपनीच्या कोरोना लसीतलं प्रथिन बनतं. पुण्यात सीरमने तीच कोव्होव्हॅक्स म्हणून बनवली. त्या स्पाइक प्रथिनांचे गुच्छ होतात, ते पण नॅनोकणच, आणि सोबत परत त्याच क्विलायाच्या सालीतलं सॅपोनिन, वेगळ्या पिंजऱ्यात अडकवलेलं. म्हणजे अळी कुठेतरी कामाला आली.

प्रश्न : पुण्यात मलेरियाची लस बनते आणि आफ्रिकेत जाते असं वाचलं. मलेरिया तर आमच्या गडचिरोलीत आहे. मग आम्हाला का नाही?
*आश्रमशाळा शिक्षक, धानोरा तालुका*

रागाने लिहिलंय तुम्ही, आणि राग समजतो.

ती लस आर-ट्वेंटीवन. ऑक्सफर्डने डिझाइन केली, सीरम बनवते, ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली. तिची रचना बघा, मलेरियाच्या परजीवीचा एक तुकडा हिपॅटायटिस बीच्या त्याच कवच-प्रथिनाला जोडलाय आणि त्याचे कण बनवलेत, म्हणजे साताऱ्याच्या सरांच्या नातवाला मिळालेली लस इथे मचाण म्हणून वापरलीय. आधीच्या मॉस्किरिक्स या मलेरिया लसीत पण हीच कल्पना होती, पण तिच्यात बरीचशी प्रथिनं मलेरियाच्या तुकड्याविना मोकळीच असतात, यात प्रत्येकावर तुकडा आहे. किंमत डोसला २ ते ४ डॉलर.

पण तिच्या मर्यादा ऐका. ती मलेरियाच्या दोन मुख्य प्रकारांपैकी फक्त फॅल्सिपॅरमवर चालते, व्हायव्हॅक्सवर नाही. पाच महिन्यांपुढच्या लहान मुलांसाठी आहे, चार डोस लागतात, आणि मोसमाच्या आधी दिली तिथे वर्षभरात ७५ टक्क्यांच्या आसपास केसेस कमी झाल्या, पुढे असर उतरतो म्हणून तो चौथा डोस. आफ्रिकेत वर्षाला लाखो लहान मुलं मलेरियाने मरतात, तिथे हे गणित सरळ आहे. भारतात केसेस खूप कमी झाल्यात आणि ज्या उरल्यात त्या तुमच्यासारख्या जंगलाच्या पट्ट्यांत, जिथे मोठी माणसंही आजारी पडतात, नुसती लहान मुलं नाही. त्यामुळे देशभराच्या कार्यक्रमात ती घ्यायची गरज सरकारला वाटलेली नाही. गडचिरोलीपुरती, छत्तीसगडच्या सीमेवरच्या गावांपुरती तरी बाळांना देऊन बघावी का, हा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि माझं स्पष्ट मत आहे की तो मोठ्याने विचारला गेला पाहिजे, कारण 'देशात केसेस कमी' या वाक्यात धानोरा दिसत नाही.

तोवर आश्रमशाळेत औषधवाल्या मच्छरदाण्या मुलं खरंच लावून झोपतात का ते रात्री एक फेरी मारून बघा, आणि कुणालाही ताप आला की दुसऱ्या दिवसाची वाट न बघता आशाताईकडून किटवर रक्त तपासून घ्या. फॅल्सिपॅरम निघाला तर गोळ्यांचा कोर्स तीन दिवसांचा असतो, दुसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून पोरं तिसऱ्या दिवशीची गोळी टाकतात, ती तुमच्यासमोर गिळायला लावा.